बॉयलरचे लेव्हल इलेक्ट्रोड: या चुका टाळा

वडोदऱ्याच्या मकरपुरा-नंदेसरी औद्योगिक भागातल्या छोट्या बॉयलरला पाइपने जोडलेला एक चेंबर असतो, त्यात बॉयलरइतकंच पाणी राहतं. त्यात बहुधा चार कमीजास्त लांबीच्या दांड्या, म्हणजे पाण्याची पातळी ओळखणारे इलेक्ट्रोड असतात. पाणी सर्वांत आखूड दांडीला लागलं की फीड पंप (बॉयलरमध्ये पाणी भरणारा) बंद, दुसरी उघडी पडली की चालू. तिसरीवर अलार्म, सर्वांत लांब दांडी उघडी पडली की बर्नर ट्रिप, म्हणजे आग आपोआप बंद. दांडीतून पाण्यामार्गे बॉडीपर्यंत करंट जातो का, एवढंच रिलेला (पंप-बर्नर चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचला) कळतं.

दांडीवर क्षार चढले की पाणी असूनही ट्रिप येतो. वैताग होतो, पण चूक सुरक्षित बाजूची आहे. दांडी बारीक पॉलिश पेपरने घासा आणि सॉफ्टनर (पाण्यातले क्षार काढणारं यंत्र) तपासा. पाण्याचा हार्डनेस (कठीणपणा) 5 पीपीएमच्या वर असेल तर पुन्हा तेच होणार. पहिली मोठी चूक इथेच होते: शिफ्ट अडू नये म्हणून टर्मिनलवर जंपर (दांडीला वगळून थेट जोडणारी वायर) टाकतात आणि तो तसाच राहतो.

खरी भीती पाणी नसताना ‘आहे’ सांगणाऱ्या दांडीची. पावसाळ्यात टर्मिनल कॅपमध्ये ओल शिरते, किंवा गळक्या ग्लँडमुळे (दांडीभोवतीच्या सीलमुळे) टेफ्लॉन इन्सुलेटरवर क्षारांचा थर बसतो. करंट त्या थरावरून बॉडीला जातो. रिलेची सेन्सिटिव्हिटी उगाच वाढवून ठेवली असेल तर तेवढंही पुरतं. चेंबर रिकामा करून, रिलेची वायर काढून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा. वायर न काढता लावलात तर रिले जाईल. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढून फेस झाला तर तोही दांडीला पाणीच वाटतो. ब्लोडाउन (बॉयलरमधलं क्षारयुक्त पाणी काढून टाकणं) नियमित हवं.

चेंबरला बॉयलरशी जोडणारा खालचा पाइप चोक होणं (तुंबणं) सर्वांत घातक. बॉयलरचं पाणी उतरतं, चेंबरचं तसंच राहतं. नुसता ड्रेन उघडून ट्रिप पाहिला की टेस्ट झाली, असं समजू नका. ड्रेनमुळे चेंबर तसाही रिकामा होतो, त्यामुळे त्या टेस्टमध्ये चोक झाकला जातो. ड्रेन बंद केल्यावर चेंबर हळूहळू भरत असेल तर गाळ अडकलाय. आठवड्यातून एकदा पंप बंद ठेवून, गेज ग्लासपाशी (बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीपाशी) उभं राहून पाणी उतरू द्या. ग्लासमध्ये पाणी दिसत असतानाच ट्रिप आला पाहिजे. नाही आला तर हाताने आग बंद करा.

ब्रिकेटवर (दाबून बनवलेल्या भुशाच्या कांड्यांवर) चालणाऱ्या बॉयलरमध्ये ट्रिप फक्त पंखे आणि फीडिंग थांबवतो, जाळीवरचा निखारा तापतच राहतो. तिथे ट्रिपची पातळी अगदी खाली, धोक्याच्या काठावर ठेवू नका.

ट्रिपनंतर रिसेट दाबण्याआधी ग्लास बघा. ग्लास रिकामी असेल तर पंप लावू नका. तापलेल्या ट्यूबवर थंड पाणी पडलं तर बॉयलर फुटू शकतो. आग थांबवा, माणसं लांब करा, बॉयलर आपोआप थंड होऊ द्या. ट्यूब तपासल्याशिवाय पाणी भरायचं नाही.