मुरुमांचे डाग आणि खड्डे : आधी ओळख, मग उपचार

मुरूम बसल्यानंतर चेहऱ्यावर जे उरते त्याला आपण सरसकट ‘डाग’ म्हणतो आणि उपचारांतली पहिली चूक तिथेच होते. सकाळच्या वेळी खिडकीशी उभे राहा, उजेड एकाच बाजूने गालावर पडेल अशा बेताने आरसा धरा आणि त्या जागेवरून हलकेच बोट फिरवा. बोटाला काहीच लागत नसेल आणि फक्त रंग तपकिरी किंवा काळपट दिसत असेल, तर तो डाग आहे. सूज ओसरताना त्वचेने जास्तीचे रंगद्रव्य तयार केल्याची ती खूण असते. त्या जागी बारीकशी सावली पडत असेल, तर त्वचेला आतून आधार देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाची हानी झाली आहे आणि तो खड्डा आहे. डाग काही महिन्यांत, कधी वर्ष-दीड वर्षात, फिका होत जातो. खोल खड्डा मात्र कोणत्याही क्रीमने भरून येत नाही, मग डबीवर काहीही लिहिलेले असो.

दोन्हींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे आत बराच काळ धुमसत राहिलेली सूज. त्यामुळे नवे मुरूम येत असताना जुन्या डागांवर खर्च करणे म्हणजे गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसत बसणे होय. ‘वयात आल्यावर येतातच, आपोआप जातील’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला मला फार महागात पडलेला वाटतो, कारण मुरूम खरोखरच जातात, पण वाट पाहण्यात गेलेल्या त्या दोन-तीन वर्षांत पडलेले खड्डे राहतात.

साध्या मुरुमांसाठी रात्री चेहरा सौम्य फेसवॉशने धुऊन, पूर्ण कोरडा करून, ०.१ टक्का अ‍ॅडापलीन जेल (त्वचेची छिद्रे बुजू न देणारे औषध) वाटाण्याएवढे घ्यावे आणि ते फक्त मुरुमांवर टिपके न देता मुरूम येणाऱ्या सगळ्या भागावर पातळ पसरावे. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, सोलते, कधी मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. अशा वेळी औषध एक दिवसाआड लावावे आणि वर मॉइश्चरायझर लावावे, पण सोडून देऊ नये, कारण खरा फरक ८ ते १२ आठवड्यांनी दिसतो. जोडीला २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड हे मुरुमांचे जंतू मारणारे औषध चालते. त्याने उशीच्या अभ्र्याचा आणि टॉवेलचा रंग उडतो, म्हणून ते पांढरे वापरावेत. गरोदर स्त्रियांनी किंवा मूल होण्याचा विचार असणाऱ्यांनी अ‍ॅडापलीन टाळून डॉक्टरांना पर्याय विचारावा. गाठींसारखे दुखरे मुरूम, जबड्याच्या कडेने येणारे मुरूम आणि सोबत अनियमित पाळी, किंवा एक जरी खड्डा पडू लागलेला असेल, तर घरगुती प्रयोगांत वेळ न दवडता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. ते कदाचित आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतील. त्या परिणामकारक असतात, पण त्यांच्यामुळे गर्भात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते, म्हणून त्या देखरेखीशिवाय कधीही घेऊ नयेत.

मुरूम फोडू नये, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि तरीही हात जातोच. मी स्वतः एका लग्नाच्या आदल्या रात्री हनुवटीवरचा मुरूम नखांनी दाबला होता. पू थोडा बाहेर आला, उरलेला आत ढकलला गेला, आणि तिथली खळगी आजही बाजूच्या उजेडात दिसते. अगदीच राहवत नसेल तर त्यावर हायड्रोकोलॉइडची (ओल शोषून घेणारी) छोटी पट्टी चिकटवावी. निदान बोट तरी तिथे पोहोचत नाही. दिवाळीतले भरड उटणे मुरुमांवर रगडू नये, डोक्याला चोपडलेले तेल कपाळावर उतरू देऊ नये, आणि दुचाकीवर बांधायचा स्कार्फ व हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा वरचेवर धुवावा.

डागांसाठी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे सनस्क्रीन. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत डाग लवकर धरतो आणि ऊन त्याला गडद करत राहते. एसपीएफ ३० किंवा अधिक असलेले सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीइतके घेऊन चेहरा व मानेला लावावे आणि बाहेर असल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावावे. आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन दृश्य प्रकाशही अडवते, म्हणून डागांसाठी ते अधिक चांगले. सोबत अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड किंवा नायसिनमाइड हे डाग फिके करणारे घटक वापरता येतात. लिंबू, खायचा सोडा आणि टूथपेस्ट यांनी त्वचा भाजते आणि नवा डाग पडतो.

मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ‘गोरेपणाच्या’ मलमांबाबत मात्र मी हात जोडून सांगतो. त्यांतल्या अनेकांत बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल हे स्टेरॉइड असते. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळल्यासारखा वाटतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि मलम थांबवताच मुरूम दुप्पट जोमाने येतात. ट्यूब घेण्याआधी घटकांची बारीक अक्षरे वाचा, आणि आधीच वापरत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

खड्ड्यांचा उपचार त्यांच्या आकारावर ठरतो. सुईने टोचल्यासारख्या अरुंद, खोल छिद्रांत टीसीए या आम्लाचा थेंब टोकदार काडीने सोडतात. खालून ओढल्यासारख्या पसरट खळग्यांत त्वचेखालचे तंतू सुईने सोडवतात, त्याला सबसिजन म्हणतात. उथळ खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणे) किंवा फ्रॅक्शनल लेझर (त्वचेवर ठिपक्याठिपक्यांनी सोडलेला लेझर) वापरतात. बहुधा महिन्याच्या अंतराने चार ते सहा बैठका लागतात, खड्डे उथळ होतात, पण त्वचा पूर्ववत होईल असे कोणी आश्वासन देत असेल तर तिथून उठावे. ऑनलाइन मिळणारे डर्मारोलर, म्हणजे बारीक सुया बसवलेले रूळ, घरी फिरवू नयेत. छाती, खांदे किंवा जबड्यावर उंच, खाजरे वण येण्याची प्रवृत्ती तुमच्यात वा घरात कोणात असेल, तर सुई किंवा लेझर लावण्याआधीच ते डॉक्टरांना सांगावे, कारण अशा त्वचेवर उपचाराची जखमही तसाच वण धरू शकते.