बस-सायकल अपघातात "सायकलवालाच आडवा आला" म्हणतात तेव्हा काय करायचं

सकाळी लवकर सोलापुरात अक्कलकोट रोडला जाऊन बघा एकदा, एमआयडीसीकडे सायकलवर चाललेली माणसं अजून दिसतात, डबा हँडलला लटकवलेला, आणि त्यांच्या अंगाला घासून एसटी, सिटी बस, कंपनीच्या बस, शाळेच्या बस. धडक झाली की पहिलं वाक्य ठरलेलंच असतंय, सायकलवाला अचानक आडवा आला ओ. सायकलवाला त्यावेळी एकतर बेशुद्ध नाहीतर गेलेला, त्यामुळे ते वाक्य खोडायला तिथं कुणी नसतं.

माझा मामा टॉवेलच्या कारखान्यात होता. शिफ्ट सुटल्यावर घरी येताना बस त्याच्या शेजारून पुढं गेली आणि लगेच डावीकडे वळली, मागच्या चाकाने सायकल आत ओढली, पाय तीन ठिकाणी मोडला. आम्ही सगळे दवाखान्यात पळालो, जागेवर कुणीच थांबलं नाही, ही पहिली चूक. म्हणून सांगतो, दोघं जणं पेशंटबरोबर जाऊ द्या आणि एक शहाणा माणूस जागेवर थांबू द्या. १०८ आणि ११२ ला फोन तर करायचाच, मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती काढून टाका, मोटार वाहन कायद्यात आता कलम १३४अ आहे, चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे.

जागेवर थांबलेल्याने काय करायचं तर मोबाईल काढायचा. आधी लांबून फोटो, ज्यात बस, सायकल, रोडची कड आणि एखादी दुकानाची पाटी एकाच फ्रेममध्ये येईल, मग जवळून. सायकल रोडच्या कडेपासून किती पावलांवर पडलीय ते मोजा, ब्रेकच्या खुणा कुठून कुठवर आहेत, काचा कुठं पडल्यात, बसचं तोंड कुठल्या दिशेला आहे. बस बाजूला घेतली की हे सगळं संपलं. पोलीस स्पॉट पंचनामा करतात तेव्हा तिथं उभं राहून मापं नीट लिहायला सांगा आणि न वाचता सही करू नका.

आणि सायकल! सायकल हाच सगळ्यात खरा साक्षीदार. मागचं चाक आणि मागचा मडगार्ड चेपला असेल तर धडक मागून बसलीय, मग आडवा आला कसं म्हणणार. हँडलचं उजवं टोक घासलंय आणि पेडल उजवीकडून वाकलंय तर बस शेजारून घासत गेली असण्याची शक्यता जास्त. फ्रेम मधोमध बाजूने वाकली असेल तर मात्र खरंच आडवी गेली असेल, तेही मान्य करायला लागतं. बसच्या रंगाचा डाग सायकलवर आणि सायकलचा ओरखडा बसवर किती उंचीवर आहे त्याचाही फोटो घ्या. आमच्याकडे काय झालं, शेजारच्याने चांगल्या मनाने सायकल नेऊन चाक बदलून आणली, धुवूनपण आणली. झालं, पुरावा गेला नाल्यात.

बस डावीकडे वळताना मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, आतल्या बाजूने कापत जातं, आणि डाव्या कडेला ड्रायव्हरला न दिसणारा एक पट्टा असतो. ड्रायव्हर "मला दिसलाच नाही" म्हणतो ते बऱ्याचदा खरं असतं. पण दिसला नाही म्हणजे चूक नाही असं होत नाही, २०१७ च्या मोटार वाहन चालन नियमात पायी चालणारे, सायकलवाले, लहान मुलं, म्हातारी माणसं यांची विशेष काळजी घ्यायची जबाबदारी गाडी चालवणाऱ्यावरच टाकलीय. उलट "मोठी गाडी म्हणजे चूक तिचीच" ही आपल्याकडची समजूतपण कायद्यात नाही. सायकल राँग साईडने असेल, अंधारात लाईट ना रिफ्लेक्टर असेल, तर कोर्ट त्याची टक्केवारी काढतं. समजा १० लाख ठरले आणि सायकलवाल्याची चूक ३० टक्के धरली तर हातात ७ लाख. बस आणि रिक्षा दोघांची चूक आणि सायकलवाला निर्दोष असेल तर मात्र पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही मागता येते, सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये हे स्पष्ट केलंय.

आता दवाखाना. केसपेपरवर डॉक्टर "हिस्टरी" लिहितात आणि घाबरलेला नातेवाईक सांगून बसतो "सायकलवरून पडले". मामाच्या पेपरवर नेमकं हेच आलं आणि पुढं समोरच्या वकिलाने तेच दोन शब्द धरून ठेवले, बसचा संबंधच काय म्हणून. त्यामुळे पहिल्याच कागदावर "बसने धडक दिली" असं लिहून घ्या, नंबर माहीत असेल तर नंबरसकट. पैशाचं टेन्शन असेल तर २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, नेमलेल्या दवाखान्यात ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार, विचारा तरी.

सीसीटीव्हीचं उद्यावर टाकू नका. दुकानाच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, दुकानदाराला गोड बोलून त्याच दिवशी जपून ठेवायला सांगा आणि तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन पोच घ्या. एसटी असेल तर कंडक्टरच्या तिकीट मशीनमध्ये वेळा असतात, बऱ्याच बसला जीपीएस असतं, तेही अर्जात मागा. बसमधल्या दोन पॅसेंजरचे नंबर मिळाले तर सोनं, कारण चौकातले बघे नंतर "आपल्याला काय माहीत नाही बा" म्हणतात.

गुन्हा सायकलवाल्यावरच नोंदवला, तो गेला असेल तर अबेट समरी (आरोपीच मयत म्हणून केस संपली असा रिपोर्ट) करून फाईल बंद केली, तरी हातपाय गाळू नका. नुकसानभरपाईचा दावा वेगळा चालतो, तिथं फौजदारी केससारखा कडक पुरावा लागत नाही, कुणाचं म्हणणं जास्त पटतं ते बघतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली जिल्हा कोर्टातल्या मोटार अपघात दावा प्राधिकरणात अर्ज करायचा, अपघात पुण्याला झाला आणि तुम्ही सोलापुरात राहत असाल तरी इथं चालतो. चूक कुणाची या वादातच पडायचं नसेल तर कलम १६४ आहे, कुणाची चूक ते सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. पण ते घेतलं की १६६ चं दार बंद, म्हणून आधी वकिलाला विचारा, आणि बाईमाणूस असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.

त्या संध्याकाळी बसवाल्यांचा माणूस येऊन मामीच्या हातात ५ हजार ठेवून "इथं सही करा मावशी" म्हणाला होता. मामीने पैसे परत दिले, सही केली नाही. दाव्याला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे, आम्ही कागद गोळा करत बसलो आणि अर्ज सहावा महिना संपायला नऊ दिवस असताना गेला. मामाच्या माथी २५ टक्के चूक पडलीच, सायकल धुतली नसती तर कदाचित पडली नसती.