हजार-दोन हजार लिटर पाणी तापवायचंय? हिशेबातल्या या चुका टाळा

वसतिगृहाच्या दोन हजार लिटरच्या टाकीला किती किलोवॉटचा हीटर लागेल, असं विचारलं की बरेच जण घरच्या गीझरवरून त्रैराशिक मांडतात. पंचवीस लिटरला दोन किलोवॉट, म्हणजे दोन हजारांना एकशे साठ! पण गीझरला अर्ध्या-पाऊण तासात पाणी तापवायचं असतं, टाकीला अख्खी रात्र मिळते.

आधी युनिट काढा (एक किलोवॉटचा हीटर तासभर चालला की एक युनिट), किलोवॉट नंतर. लिटर गुणिले जितके अंश चढवायचे तितके, भागिले 860. (एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि एका युनिटमध्ये 860 किलोकॅलरी असतात.) नळाचं पाणी 20 अंश, हवं 60, तर 2000 × 40 ÷ 860 म्हणजे 93 युनिट. इथे चाळीसऐवजी साठ घालणारे भरपूर भेटतात. त्यांचं उत्तर 140 येतं. आणि ते 20 अंश मे महिन्यात मोजू नका, डिसेंबरच्या पहाटे नळाखाली थर्मामीटर धरा.

आता विसण, म्हणजे गरम पाण्यात मिसळायचं गार पाणी. ही चूक सगळ्यांत महाग पडते. शंभर मुलं, प्रत्येकी वीस लिटरच्या दोन बादल्या, म्हणजे चार हजार लिटर. म्हणून चार हजारांची टाकी 60 अंशांवर तापवायची असं ठरतं. पण 60 अंशांच्या पाण्याने कोण अंघोळ करतं? 60 चं दोन हजार आणि 20 चं दोन हजार मिसळलं की 40 अंशांचं चार हजार लिटर होतं. 93 युनिटांतच काम भागतं. विसण विसरलात तर 186.

हे 93 युनिट तीन तासांत द्यायचे तर 31 किलोवॉट, आठ तासांत दिले तर बारा पुरतात. 31 किलोवॉटला थ्री-फेजवर दर फेजला साधारण 43 अँपिअर लागतात. मंजूर भार (वीज कंपनीने तुमच्या जोडणीला दिलेली किलोवॉटची मर्यादा) तेवढा आहे का, ते हीटर घेण्याआधी बघा.

टाकीच्या लोखंडाची उष्णता धरायची का? सोडून द्या, दोनेक युनिटांचा मामला आहे. उष्णतेची गळती मात्र धराच. रात्री हीटर बंद करा, पाणी न वापरता सकाळी तापमान बघा. पाच अंश उतरले असतील तर जवळपास 12 युनिट हवेत गेले.

हिशेब बरोबर असूनही पाणी तापत नसेल तर आधी व्होल्टेज तपासा. 240 व्होल्टच्या कॉइलला 210 च मिळाले तर शक्ती वर्गाच्या प्रमाणात घटते, 77 टक्क्यांवर येते. तीन तासांचे चार होतात. एखादा फेज गेलाय का, तेही चिमटा मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर) लावून पाहा. शिवाय थर्मामीटर फक्त वरच्या थरात बुडवू नका: वर 60 दिसतं आणि तळाशी पाणी कोमटच असतं. पाणी ढवळून किंवा पंपाने फिरवून मग वाचन घ्या.