कोकणात स्टीलची फुल सस्पेन्शन सायकल घेताय? आधी गाडी उलटी करून बघा
रोज सड्यावरनं, जांभ्याच्या खडबडीत वाटांनी चालवायची असेल तर स्टीलची फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्ही चाकांना शॉक असलेली सायकल बिनधास्त घ्या, १५-१६ किलो वजन घाटी चढताना जाणवतं खरं पण उतारावर गाडी जमिनीला अशी धरून जाते ना की मजा येते. फ्रेम क्रोमोलीचीच (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या स्टीलची) हवी. आपल्याकडे खरा त्रास वजनाचा नाही, खाऱ्या हवेचा, आणि गंज नळीच्या आतून लागतो, बाहेरून रंग चकाचक! म्हणून बॉटम ब्रॅकेटखाली (पेडलचा आस बसतो त्या भागाखाली) पाणी निघायला भोक आहे का ते बघाच. जुनी घेत असाल तर मागचं चाक धरून आडवं हलवा, कटकट जाणवली तर पिव्होटचे, म्हणजे मागची फ्रेम हलते त्या सांध्याचे, बेअरिंग तपासून घ्या. पावसाळ्याआधी सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) काढून नळीच्या आत गंजरोधक तेल मारा.