रामकुंडात डुबकी मारण्याआधी पाणी कसं तपासायचं

सिंहस्थ आला की नाशिकमध्ये हा प्रश्न निघतोच, गोदावरीचं पाणी अंघोळीला चालेल का. पाणी नुसतं बघून काही कळत नाही, नितळ पाण्यातही जंतू असतात.

स्वस्तात करायचं तर एच टू एस बाटली घ्या, गावात जलसुरक्षक पिण्याच्या पाण्यासाठी वापरतात तीच. पाणी भरून ठेवायचं, विष्ठेतले जंतू हायड्रोजन सल्फाइड (एच टू एस) वायू करतात आणि पाणी काळं पडतं; काळं पडलं की दूषित. पण गंमत अशी की नदीचं पाणी तसंच भरलं तर ते बहुतेक वेळा काळंच होणार, मग कळलं काय? आपल्याला जंतू किती हे हवंय. केंद्रीय प्रदूषण मंडळाचा अंघोळीचा निकष १०० मिलीत ५०० फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जंतू), फार तर २५००.

म्हणून पाणी पातळ करायचं. उकळून गार केलेलं पाणी घ्या, एका बाटलीत नदीचं १ मिली टाका आणि बाकी खुणेपर्यंत उकळलेलं. दुसरीसाठी आधी १ मिली नदीचं + ९ मिली उकळलेलं असं हलवून घ्या आणि त्यातलं १ मिली टाका, म्हणजे नदीचं ०.१ मिली झालं. सिरिंज मेडिकलमध्ये मिळते, दर वेळी नवी वापरा. प्रत्येकी तीन बाटल्या करा कारण एकीत नशिबाचा भाग जास्त, आणि एक बाटली नुसत्या उकळलेल्या पाण्याची, ती काळी झाली तर सगळं परत करा.

नमुना घेताना काठावरचं फेस आलेलं पाणी नको, गुडघा-कमरेएवढ्या पाण्यात जा, उकळून घेतलेली बाटली साधारण फूटभर खाली नेऊन तोंड प्रवाहाकडे करून भरा, आतून हात लावू नका. बर्फाच्या डब्यात घालून सहा तासांच्या आत तपासा. आणि हो, पहिल्या मोठ्या पावसानंतर मुद्दाम घ्या, नाल्यांचं सगळं तेव्हाच वाहून येतं.

बाटल्या ३० ते ३७ डिग्रीत ठेवायच्या, थंडीत थर्माकोलच्या डब्यात कोमट पाण्याची बाटली ठेवून भागतं. २४ आणि ४८ तासांनी बघा. ०.१ मिलीवाल्या तिन्ही काळ्या तर १०० मिलीत हजार किंवा त्याहूनही बरेच जास्त धरा, मी तरी उतरणार नाही. १ मिलीवाल्याही तिन्ही साफ तर बरंच बरं.

हा अंदाज आहे हं. ई-कोलाय, म्हणजे फीकल कोलिफॉर्ममधला मुख्य जंतू, स्वतः सहसा हायड्रोजन सल्फाइड करत नाही, विष्ठेतले त्याचे सोबती करतात, शिवाय तळाच्या गाळात मुळातच गंधक असेल तर बाटली उगाच काळी होते. पक्का आकडा हवा तर लॅबला द्या आणि एमपीएन पद्धतीने (जंतूंची संख्या काढायची पद्धत) फीकल कोलिफॉर्म असं स्पष्ट सांगा, नाहीतर नुसता 'अयोग्य' असा शिक्का मारून देतात.

काळ्या बाटल्या उघड्या टाकू नका, टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं पाणी ओतून तासभर ठेवा, मग फेका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा आजार) यात दिसत नाही, त्यामुळे पायाला जखम असेल तर पावसाळ्यात रिझल्ट काहीही येवो, काठावरच थांबा.