जेवताना फोन कोनाड्यात

कडक भाकरी मोडून शेंगाचटणीत दही कालवायला दोन्ही हात लागतात. तरी आमच्याकडे एकाचा तरी तेलकट अंगठा स्क्रीनवर असायचाच. शेजारी बसून आई काहीतरी सांगायची आणि आम्ही नुसतं "हं, हं" करायचो. शेवटी ती बोलायचीच थांबली. ते फार लागलं मनाला.

तेव्हापासून पानं मांडली की सगळे फोन कोनाड्यात. "अडीनडीला कुणाचा फोन आला तर?" ही धास्ती खरी आहे, पण त्यावरचा उपाय फोनमध्येच आहे. 'डू नॉट डिस्टर्ब' लावा आणि त्यात 'रिपीट कॉलर्स' किंवा 'रिपीटेड कॉल्स' चालू ठेवा. मग त्याच नंबरवरून लगोलग दुसऱ्यांदा फोन आला, तर घंटी वाजते. ही मुदत अँड्रॉइडवर 15 मिनिटांची, आयफोनवर 3 मिनिटांची. घरच्यांना, दुकानातल्या माणसांना एवढंच सांगून ठेवा: निकडीचं असेल तर दोनदा लावा.

व्हॉट्सॲपचे ग्रुप म्यूट करा. वाढदिवसाच्या शुभेच्छा रात्री वाचल्या तरी चालतात.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला निघालात, तर इयरफोन आधी खिशात टाका. रात्री दहानंतर डब्यात मोठ्याने बोलणं, स्पीकरवर व्हिडिओ लावणं रेल्वेच्या नियमात बसत नाही. समोरच्या बर्थवरचं माणूस कदाचित सकाळी दवाखाना गाठायला निघालेलं असतं. फोन आलाच, तर उठून दाराशी जा आणि तिथेही हळू बोला.