शिंगं आधी उतरवा : वेड्यावाकड्या वस्तू पार्सलने कशा पाठवायच्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोट्टे लाकडी नंदी सजवतात, दोरीने ओढत घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारे पैसे-खाऊ, गोळा करून आणतात. पुण्यामुंबईला, हैदराबादला नोकरीसाठी गेलेल्या आपल्या माणसांना तिकडे हा नंदी सहजी मिळत नाही. म्हणून वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून मी तो ऑनलाइन विकते. जोडीला बुरडकामाची, म्हणजे बांबूची, सुपं, टोपल्या आणि थोड्या बासऱ्या असतात. यातली एकही वस्तू धड चौकोनी नाही.

नंदीइतकी पार्सलला वाईट वस्तू शोधून सापडणार नाही. चार पाय, दोन शिंगं, कान, शेपूट, वर वशिंड आणि खाली चाकांची पाटी. पहिल्या वर्षी मी त्याला बबल रॅपमध्ये गुंडाळलं आणि बरोब्बर मापाच्या खोक्यात कोंबलं. पुण्याहून फोटो आला. उजवं शिंग खोकं फाडून बाहेर आलेलं आणि बुडातून मोडलेलं. खाली लिहिलं होतं, "ताई, बैल एकशिंगी आला." पार्सल नेणाऱ्याला चार शब्द सुनवावेत असं वाटलं, पण चूक माझीच होती. मी बैल पाठवला होता, पाठवायला हवं होतं खोकं. गाडीत, पोत्यात, पट्ट्यावर जे फिरतं ते खोकं. त्याला सहा सपाट बाजू हव्यात आणि आतली वस्तू त्यातल्या एकाही बाजूला टेकता कामा नये. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

मोडून नाही, सोडून पाहा

पॅकिंगच्या आधी वस्तू समोर ठेवा आणि काय काय सुटं होतं ते बघा. आमच्या सुतारकाकांना मी सांगितलं, शिंगं खिळ्याने ठोकू नका, खुंटीवर बसवा आणि फेविकॉल लावू नका. ते म्हणाले, "काहून बाई, बैल का शिंगं काढून ठेवते का?" पण त्यांनी करून दिलं. आता शिंगं निघतात, चाकंही निघतात. शिंगांच्या खुंटीवर पेन्सिलीने 'डा' आणि 'उ' लिहायला विसरू नका, नाहीतर गिऱ्हाईक उलटी बसवतं आणि बैल रागावल्यासारखा दिसतो.

सुटे भाग कुठे ठेवायचे? वस्तूच्याच पोकळीत. नंदीच्या चार पायांमधली जागा एरवी कागदाने भरावीच लागते. तिथे शिंगं आणि चाकं वेगवेगळी गुंडाळून बसवा. टोपलीत टोपली, सुपावर सूप, तांब्यात वाटी. धातूवर धातू मात्र नको, मध्ये कापड हवंच.

वस्तूसोबत सेलवर चालणाऱ्या लायटिंगची माळ असेल तर सेल काढून घ्या. ओरखडा पडला तर हाताशी असू दे म्हणून रंगाची छोटी बाटली टाकण्याचा मोहही आवरा. बॅटऱ्या आणि पेट घेणारे रंग विमानाने जाणाऱ्या टपालात चालत नाहीत.

वजनकाट्याआधी मोजपट्टी

नवीन विक्रेते इथेच बुडतात. पार्सलचे पैसे फक्त वजनावर लागत नाहीत, त्याने अडवलेल्या जागेवरही लागतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि ५००० ने भागा. येतं ते किलोतलं आकारमानी वजन. खरं वजन आणि हे वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे. बहुतेक कुरिअरवाले ५००० ने भागतात, पण दर ठरवताना भागाकाराचा आकडा विचारून घ्या. तो लहान असला की बिल वाढतं.

माझा मोठा नंदी काट्यावर जेमतेम ४ किलो भरतो. शिंगांसकट खोकं ५० × २५ × ४५ चं लागायचं. गुणाकार ५६,२५०, भागून सव्वाअकरा किलो. शिंगं आणि चाकं काढली की उंची २८ वर येते : ३५,००० भागिले ५०००, म्हणजे ७ किलो. दोन खुंट्यांनी सव्वाचार किलोचे पैसे वाचवले. हा हिशोब वस्तूची किंमत टाकायच्या आधी करा. ऑर्डर आल्यावर केला तर नफा भाड्यात जातो.

आणखी एक. मोठ्या केंद्रांवर पार्सल यंत्राने मोजलं जातं आणि यंत्र सगळ्यात बाहेर आलेला बिंदू धरतं. खोक्याचं पोट तीन सेंटिमीटर फुगलं असेल तर तेही तुमच्या खात्यात. नंतर 'वजनात फरक' म्हणून पैसे कापले गेले की भांडायला पुरावा लागतो. म्हणून बंद खोक्यावर मोजपट्टी लावून तिन्ही बाजूंचे आणि काट्यावरच्या आकड्याचा असे चार फोटो मी दरवेळी काढते. दोन मिनिटांचं काम आहे.

लांब वस्तूंना वेगळी मर्यादा असते. तिथे लांबी अधिक घेर असं माप धरतात. चौकोनी पार्सलचा घेर म्हणजे रुंदी आणि उंचीची बेरीज, दुप्पट करून. काठी किंवा मोठी चटई विकायला काढण्याआधी ही मर्यादा काउंटरवर विचारा.

खोकं कुठून आणायचं

किराणा दुकान, मेडिकल, मोबाइलचं दुकान यांच्याकडे रिकामी खोकी मिळतात. कृषी केंद्रातलं औषधाचं खोकं मात्र फुकट मिळालं तरी घेऊ नका. फवारणीच्या औषधाचा वास पुठ्ठ्यातून जात नाही, वर धोक्याचं चिन्ह असतं आणि ही वस्तू लहान लेकराच्या हातात जाणार आहे.

दोन किलोच्या आत तीन प्लायचं (तीन थरांच्या पुठ्ठ्याचं) चालतं, त्यावर मी पाच प्लायचंच वापरते. पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हळी उभ्या राहतील असं खोकं ठेवा, वरचा भार उभ्या पन्हळीच पेलतात. जुन्या खोक्याचे कोपरे दाबून पाहा. मऊ लागले तर ते चुलीजवळ ठेवा.

मापाचं खोकं मिळत नसेल तर मोठं खोकं कापून लहान करता येतं. चारही उभ्या कडा हव्या त्या उंचीपर्यंत चिरायच्या, त्या रेषेवर पट्टी ठेवून सुरीच्या बोथट बाजूने घडी पाडायची आणि चारही पाळ्या आत दुमडायच्या. वस्तूच्या भोवती सगळ्या बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे, त्याहून फार जास्त नको.

भरण

पार्सल फुटतं ते बहुतेक भरणामुळे, म्हणून इथे घाई करू नका.

आधी रंगाचा विचार. नवा रंग वरून सुकलेला दिसतो, आतून ओला असतो. त्यावर थेट बबल रॅप गुंडाळला तर फुग्यांचे गोल ठसे उमटतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर गेला की पार्सलच्या गाडीत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. म्हणून पहिला थर जुन्या सुती कापडाचा किंवा साध्या कोऱ्या कागदाचा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई पांढऱ्या नंदीला लागते. दुसरा थर बबल रॅपचा, फुगे बाहेरच्या बाजूला.

मग नाजूक टोकं. कान, शेपूट, तोटी, कडी, जे काही बाहेर आलेलं आहे त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्याहून थोडे उंच पुठ्ठ्याचे तुकडे बांधा. धक्का आधी पुठ्ठ्याला बसला पाहिजे. टोकावर नुसता जाड बबल गुंडाळून फायदा नाही, त्याने टोक अजून बाहेर येतं आणि पहिला मार तेच खातं.

खोक्याच्या तळाला चुरगळलेल्या कागदाचा चार बोटं थर द्या, वस्तू मधोमध बसवा आणि चारही बाजूंनी कागद दाबून भरा. घडी केलेला कागद उपयोगाचा नाही. घट्ट चुरगळलेला गोळाच स्प्रिंगसारखा काम करतो. धानपट्ट्यातली मंडळी तनस, म्हणजे धानाचा पेंढा, भरतात. सुकं असेल तर काम भागतं, पण पावसाळ्यात ते ओल धरतं आणि त्यातून किडे निघतात. आमच्या कापूसपट्ट्यात घरचा कापूस भरायचा मोह होतो. दोन दिवसांत तो दबून बसतो आणि वस्तू आत खेळायला लागते.

आता खोकं कानाजवळ धरून हलवा. आवाज आला तर पुन्हा उघडा. आमच्या पोस्टातले मामा पार्सल हातात घेतल्याबरोबर हलवतात आणि म्हणतात, "हालून राहिलं न बाई, घेऊन जा." सुरुवातीला राग यायचा. आता मीच घरी, कमरेच्या उंचीवरून, अंगणात दोनदा टाकून पाहते. एकदा बुडावर आणि एकदा कोपऱ्यावर. मन घट्ट करावं लागतं.

जे खोक्यात बसतच नाही

बासरी, काठी, गुंडाळलेलं चित्र यांना बोअरच्या कामातून उरलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा उत्तम. दोन्ही टोकांना कागदाचा बोळा, वर झाकण, त्यावर टेप. पण गोल पार्सल गडगडतं, त्याच्यावर दुसरं काही टिकत नाही आणि लेबलही नीट बसत नाही. म्हणून पाइपला पुठ्ठ्याचं चौकोनी किंवा तिकोनी वेष्टन करा.

सूप रुंद आणि उथळ. पाच-सहा सुपं एकात एक रचून, वर-खाली पुठ्ठा लावून सुतळीने चौकडी बांधली की तो जवळजवळ चौकोनी गठ्ठा होतो. एकच सूप पाठवू नका, भाड्यात मरता. मी जोडीच विकते.

मोठ्या, आडव्यातिडव्या पण न फुटणाऱ्या वस्तूला जुनी पद्धत अजून चांगली : मांजरपाट किंवा स्वच्छ पोतं, दाभण आणि सुतळी. आधी आतून पुठ्ठा बांधून कोपरे बोथट करायचे, मग कापड ताणून शिवायचं. शिवलेल्या पार्सलला अडकायला टोक उरत नाही आणि मधे कोणी उघडलं तर लगेच कळतं. आमच्या आजीने भावाला सरकारी क्वार्टरच्या पत्त्यावर लाडू असेच शिवून पाठवले होते.

पावसाळ्यात कापडाच्या किंवा खोक्याच्या आत एक प्लास्टिक पिशवी हवीच. पण लाकूड पूर्ण सुकल्याशिवाय ती बंद करू नका, नाहीतर बुरशी येते. दमट पुठ्ठ्याला टेपही धरत नाही. खोकी जमिनीवर ठेवू नका, माळ्यावर ठेवा.

टेप आणि पत्ता

खाकी टेप मधल्या फटीवर आणि दोन्ही टोकांच्या कडांवर, इंग्रजी 'एच'च्या आकारात. वर आणि खाली, दोन्हीकडे. वरून सुतळी गुंडाळायची असेल तर ती घट्ट आणि सपाट बसू द्या, सैल फास यंत्रात अडकतो.

लेबल सगळ्यात मोठ्या सपाट बाजूवर लावा. बारकोड कडेवर दुमडला किंवा सुरकुतला की स्कॅन होत नाही आणि पार्सल हाताने निवडायच्या ढिगात जातं. त्यावरून पारदर्शक टेप लावताना बारकोडवर चकाकी येणार नाही एवढं बघा. शिवलेल्या पार्सलला पत्त्याचा पुठ्ठा सुतळीने बांधा आणि कापडावरही मार्करने पत्ता लिहा. आत एक चिठ्ठी, त्यावर दोन्ही पत्ते आणि दोन्ही फोन नंबर. बाहेरचं लेबल निघालं तर हीच चिठ्ठी पार्सल परत आणते.

पिन कोड मोठा आणि सुटा लिहा. पिंपळगाव, वडगाव नावाची गावं किती आहेत ते आपल्याला माहीतच आहे. हा घोळ मिटवायलाच १५ ऑगस्ट १९७२ ला पिन आला आणि तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, वर संस्कृतात कविता करणारे. आपल्या विदर्भाचे पिन ४४ ने सुरू होतात. गिऱ्हाइकाने दिलेला पिन आणि गाव जुळतात का ते पाठवण्याआधी तपासा. मला महिन्यातून एक तरी चुकीचा मिळतो.

कुठे द्यायचं, कधी द्यायचं

गावातलं शाखा डाकघर थोडेच तास उघडं असतं आणि तिथली वजनाची मर्यादा तालुक्याच्या पोस्टापेक्षा कमी असते. लहान पार्सल गावात द्या, मोठं तालुक्याला न्या. खाजगी कुरिअरच्या साइटवर आधी स्वतःच्या गावाचा पिन टाकून पिकअप मिळतो का बघा. बऱ्याच गावांत डिलिव्हरी असते, पिकअप नसतो. मी आठवड्यातून दोन दिवस ठरवलेत आणि त्या दिवशी एसटीने सगळी पार्सलं एकदमच नेते. पावती मिळाली की लगेच फोटो काढून गिऱ्हाइकाला टाका, ती चुरगळते आणि शाई उडते.

वेळेचं गणित आमच्या धंद्यात कठीण आहे. पोळा श्रावण अमावास्येला आणि राखी श्रावण पौर्णिमेला, म्हणजे बरोबर पंधरवडा आधी. माझ्या ऑर्डर वाढतात तेव्हाच पोस्ट राख्यांनी भरलेलं असतं आणि वर पाऊस. म्हणून परराज्यातली ऑर्डर मी पोळ्याच्या बारा दिवस आधी बंद करते. घरपोच पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला पाठवण्याआधी फोन करते. तान्हा पोळ्यानंतर पोचलेला नंदी कोणी घेत नाही, तो परत येतो आणि परतीचं भाडंही आपल्यालाच पडतं.

बंद करतानाचा व्हिडिओ काढून ठेवा आणि महागाच्या वस्तूचा विमा उतरवा. सुटे भाग कसे जोडायचे त्याचं हाताने काढलेलं चित्र आत टाका. हे सगळं करूनही मागच्या वर्षी नागपूरच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, शिंगंच नाहीत म्हणून. व्हिडिओ दाखवला, शोधाशोध झाली, तर शिंगं कचऱ्याच्या डब्यात चुरगळलेल्या कागदासोबत. तेव्हापासून झाकणाच्या आतल्या बाजूला लाल मार्करने लिहिते : शिंगं पोटाखाली आहेत, कागद फेकू नका.